हार्ले अर्ल: दरवर्षी गाडीचा चेहरा बदलणारा माणूस

फोनचं नवीन मॉडेल येतं. कॅमेऱ्याची जागा बदललेली, रंग नवा, आतली चिप मात्र कधीकधी तीच. ही आयडिया मोबाईल कंपन्यांची नाही. जवळपास शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कारच्या धंद्यात ती रुळली आणि तिला रूप दिलं हार्ले अर्ल यांनी.

घोडागाडीपासून सुरुवात

अर्ल यांचा जन्म १८९३ मध्ये हॉलिवूडला झाला. वडील घोडागाड्या बनवायचे. पुढे त्याच कारखान्यात सिनेमास्टार्ससाठी खास मोटारींच्या बॉडी तयार होऊ लागल्या. अर्ल आधी मातीचं मॉडेल घडवायचे. थोडी माती काढली, थोडी लावली की नवा आकार लगेच समोर! कार डिझाइनमध्ये क्ले मॉडेल आजही वापरतात.

कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांना हे काम आवडलं. कॅडिलॅकपेक्षा थोडी छोटी, थोडी स्वस्त अशी लक्झरी गाडी त्यांना हवी होती. अर्ल यांनी डिझाइन केलेली ती गाडी म्हणजे १९२७ ची लासाल. ती गाजली. त्याच वर्षी जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी अर्ल यांच्या हाताखाली डिझाइनचा वेगळा विभाग सुरू केला.

दरवर्षी बदल कशासाठी?

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ चालली, दीड कोटी गाड्या बनल्या, पण मूळ गाडी फारशी बदलली नाही. स्लोन यांचा हिशोब वेगळा होता: ज्याच्याकडे चालती गाडी आहे, त्यालाही नवी घ्यावीशी वाटली पाहिजे.

पण इंजिन आणि बॉडीचे साचे प्रचंड महाग. ते दरवर्षी बदलणं परवडत नाही. म्हणून मुख्य सांगाडा काही वर्षं तोच ठेवायचा आणि ग्रिल, दिवे, बंपर, क्रोमच्या पट्ट्या बदलायच्या.

दिसणं एक, इंजिन दुसरं

मंदीत लासालचा खप कोसळला. १९३४ मध्ये अर्ल यांनी तिला उंच, अरुंद ग्रिलचा एकदम नवा चेहरा दिला. आत मात्र किंमत उतरवण्यासाठी ओल्ड्समोबिलवरून घेतलेलं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. कॅडिलॅकचं व्ही-८ तिला १९३७ मध्ये परत मिळालं. १९४० नंतर लासाल बंद झाली.

१९४८ मध्ये कॅडिलॅकला मागे छोटे पंख आले. कल्पना पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेली. इंजिन जुनंच, १५० हॉर्सपॉवरचं. पुढच्याच वर्षी जवळपास त्याच बॉडीत नवं व्ही-८ आलं: आकाराने लहान, वजनाने हलकं, तरी १६० हॉर्सपॉवर. म्हणजे ४८ ची गाडी घेणाऱ्याला नवं रूप मिळालं, खरी सुधारणा एका वर्षाने हुकली.

अर्ल १९५८ मध्ये निवृत्त झाले. १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख सगळ्यात उंच होते, नंतर ते खाली येत गेले. १९६९ मध्ये अर्ल यांचं निधन झालं.

गाड्या त्यांनी सुंदर केल्या, यात वाद नाही. पण चांगली चालणारी वस्तू जुनी वाटायला लावणं, हेही त्यांच्याच कामाचा भाग होतं. म्हणून कार असो वा फोन, पैसे देण्याआधी एकच बघा: यंदा चेहरा बदललाय की इंजिन?