रक्ताची गुठळी विरघळवण्याचे गुपित शोधणारे डॉ. टिलेट

बोट कापले की काही मिनिटांत रक्त साखळते. जखम भरत आली की तीच गुठळी शरीर हळूहळू विरघळवून टाकते. हे काम कसे चालते, हे कळण्याची वाट विल्यम स्मिथ टिलेट या अमेरिकी डॉक्टरच्या फसलेल्या अंदाजातून सापडली.

टिलेट यांचा जन्म १८९२ साली नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे झाला. १९१७ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० साली थॉमस फ्रान्सिस यांच्यासह त्यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा घटक शोधला. कोरोनाकाळात घरोघरी माहीत झालेली सीआरपी चाचणी त्याच घटकाची.

पुढे ते जॉन्स हॉपकिन्समध्ये परतले. घशाला संसर्ग करणारे स्ट्रेप्टोकोकस जिवाणू मिसळले तर रक्तद्रव गोठणार नाही, असे त्यांना वाटले होते. पण तो गोठला. काही वेळाने त्याच नळीकडे पुन्हा नजर गेली, तर गुठळीचे पाणी झालेले! आर. एल. गार्नर यांच्यासह हा शोध त्यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केला.

यामागचे कारण त्यांचे सहकारी एल. आर. क्रिस्टेन्सन यांनी १९४५ मध्ये उलगडले. गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे. ते कापणारे प्लास्मिन रक्तात प्लास्मिनोजेनच्या रूपात निद्रिस्त असते. रक्तवाहिनीच्या आतल्या थरातून पाझरणारे टीपीए त्याला जागे करते. तुटलेल्या धाग्यांचे तुकडे म्हणजेच डी-डायमर. जिवाणूंपासून मिळणारे स्ट्रेप्टोकायनेजही प्लास्मिनोजेनला जागे करते.

टिलेट यांनी सोल शेरी यांच्यासह छातीत साखळलेले रक्त आणि पू पातळ करण्यासाठी हे औषध वापरले. १९४९ मध्ये टिलेट व क्रिस्टेन्सन यांना लास्कर पुरस्कार मिळाला. टिलेट १९७४ साली वारले. हृदयविकाराच्या झटक्यात हे औषध लवकर दिल्यास मृत्यू कमी होतात, हे इटलीतील ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने १९८६ मध्ये दाखवले. ते पाहायला टिलेट नव्हते.

या औषधाला अँजिओप्लास्टीसारखी मोठी यंत्रणा लागत नाही. ते सलाइनवाटे देता येते. म्हणून मोठ्या शहरापासून दूर असलेल्या गावांना त्याचे मोल अधिक. वडसा (देसाईगंज) येथून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर. तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत राहतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ जाणवली तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नये. जवळच्या रुग्णालयात लगेच ईसीजी काढावा. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, बारा तासांनंतर फारसे नाही. रक्तस्रावाचा धोका असल्याने आधीची शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात डॉक्टरांना सांगावा. स्ट्रेप्टोकायनेज पूर्वी घेतले असेल तर तेही सांगावे, कारण शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात.