शरणपूरचे प्राइस साहेब

नाशकांतील शरणपूर रस्त्यावरून आपण जातों, परंतु तें नांव कोठून आलें? चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम साल्टर प्राइस यांनीं तेथें ख्रिस्ती गांव वसविलें व गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस आश्रय दिला. अक्षरांबरोबर हातास कामही शिकविलें. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन साहेब वारले, तेव्हां त्यांचा देह समुद्रकांठीं नेणाऱ्यांत याकोब वेनराइट हा नाशकास शिकलेला तरुण होता.

१८७४ च्या अखेरीस प्राइस साहेब मोंबासास गेले. समोरच्या किनाऱ्यावर मिशननें घेतलेली जमीन म्हणजे दाट झाडीच. ती तोडावी, मुळें खणून काढावीं, मग घरें बांधावीं, असें तें काम. आणि रानाची जमीन ज्यानें साफ केली असेल त्यासच त्याचे कष्ट ठाऊक! शरणपूरचे जुने विद्यार्थी त्यांच्या मदतीस होते. १८७५ च्या सप्टेंबरांत आरमाराच्या जहाजानें सोडविलेले दोनशेंहून अधिक दास तेथें उतरविले, व त्यांस कसण्यास जमिनीचे तुकडे मिळाले. मुंबईचे पूर्वींचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून गांवास फ्रियर टाउन म्हणूं लागले.

१८८८ सालीं, उतारवयांत, साहेब पुनः तेथें गेले. मिशनच्या आसऱ्यास राहिलेल्या पळपुट्या दासांच्या धन्यांस मोबदला देण्यांत आला, आणि १८८९ च्या पहिल्या जानेवारीस त्या दासांच्या हातीं मुक्ततेचे कागद पडले.