गुडघ्याने अडवलेली वाट

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव वडील दादासाहेबांकडून कुस्ती शिकले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आलेल्या या मल्लाने १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे लक्ष्य १९५६चे मेलबर्न होते. मात्र गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती वाट अडवली.

आज जायबंदी मल्लाला आधी स्नायूंचे बळ, मग एकट्याने डावांचा सराव, नंतर जोडीदाराशी बेताची पकड आणि अखेर पूर्ण झटापट, अशा पायऱ्यांनी आखाड्यात परत आणले जाते. खाशाबांच्या पिढीला ही शास्त्रशुद्ध वाट क्वचितच लाभली. पोलीस दलात ते प्रशिक्षक म्हणूनही वावरले. १९८४ मध्ये अपघाती निधन झाले; अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.