बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च, १८७६, धारवाड – ४ जुलै, १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेट खेळाडू होते. ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले. मैदानावर प्रेक्षकांचा जयघोष आणि मैदानाबाहेर अस्पृश्यता, असा दुहेरी अनुभव त्यांना आयुष्यभर आला.

सुरुवातीचे जीवन

बाळूंचा जन्म चर्मकार कुटुंबात झाला. पालवण हे कोकणातील त्यांचे मूळ गाव. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. तेथे एका पारशी क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रोलर फिरवणे ही कामे त्यांनी केली. पुढे युरोपीय सदस्यांच्या पूना क्लबात ते नोकरीस लागले. तेथे जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाजी करताना त्यांची कला बहरली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना मिळाली नाही.

यजमान मैदान आणि प्रेक्षक

पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतले, परंतु चहापानाच्या वेळी त्यांना सहकाऱ्यांपासून दूर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याविरुद्धच्या सामन्यापूर्वी, त्यांच्या फिरकीला साथ मिळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर सतत रोलर फिरवून ती कठीण करून ठेवली होती. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले व पुण्याचा संघ विजयी झाला.

१९०६ साली बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाने युरोपीय संघास १०९ धावांनी हरवले. या जिमखान्याचे सदस्यत्व केवळ युरोपीयांसाठी होते, परंतु मैदानाभोवती लोटलेली गर्दी हिंदू संघाच्या बाजूने होती. दुसऱ्या डावात युरोपीय संघ १०२ धावांत बाद झाला. या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता.

इंग्लंड दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. परक्या हवामानात व परक्या प्रेक्षकांपुढे संघाने २३ पैकी १५ सामने गमावले, तरी बाळूंनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले.

कर्णधारपदाचा प्रश्न

सर्वोत्तम गोलंदाज असूनही जातीमुळे बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९२० साली पालवणकर बंधूंनी या अन्यायाचा जाहीर निषेध केला. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले.

राजकीय जीवन व मृत्यू

निवृत्तीनंतर बाळू दलितांच्या राजकारणात सक्रिय होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांनी काँग्रेसच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उमेदवारी केली. त्यात आंबेडकर विजयी झाले. ४ जुलै, १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.