सोनेरी वानराला ज्यांचं नाव मिळालं, ते चहामळ्यातले जीसाहेब

खानापूर, आंबोली किंवा मोलेच्या जंगलात काळ्या तोंडाचे वानर आपण लहानपणापासून बघत आलोय. लांब शेपटी सोडून फांदीवर निवांत बसायचं आणि पाला ओरबाडून खायचा, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. याच पानं खाणाऱ्या वानरांचा एक सोनेरी भाऊबंद आसाम आणि भूतानच्या सीमेवर राहतो. विज्ञानाच्या दप्तरात त्याची रीतसर नोंद व्हायला १९५६ साल उजाडावं लागलं. ती झाली एका चहामळेवाल्याच्या चिकाटीमुळे. त्यांचं नाव एडवर्ड प्रिचर्ड जी. आडनावच 'जी', तेव्हा आपण त्यांना जीसाहेब म्हणू.

जन्म १९०४ चा. केंब्रिजला शिकून ते आसामात चहाच्या धंद्यात आले. आसामातला चहा वाढला तो जंगल तोडूनच, आणि त्याच मळ्यांतला हा माणूस सवड मिळाली की जंगलात जायचा. काझीरंगातल्या गेंड्यांची त्यांनी काढलेली छायाचित्रं पुढे नावाजली गेली. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. पण जे बघतील ते नीट टिपून ठेवायची सवय होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं छापून येत.

संकोश नदीच्या भागात फिक्या, सायीच्या रंगाचे वानर दिसतात, हे तिथल्या लोकांना ठाऊकच होतं. १९०७ मध्ये शेबेअर नावाच्या वन अधिकाऱ्यानेही जमदुआरजवळ ते पाहिले होते. पण पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कुणी खोलात गेलं नाही. जीसाहेबांनी मात्र या ऐकीव गोष्टींचा पिच्छा पुरवला. १९५३ मध्ये ते जमदुआरला गेले, वानरांचे कळप शोधून काढले आणि कॅमेऱ्यात टिपले. १९५५ मध्ये सोसायटीच्या त्याच नियतकालिकात त्यांचा लेख आला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे डॉ. खजुरिया यांनी १९५६ मध्ये या वानराचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात जीसाहेबांचं आडनाव गुंफलं.

नद्यांनी आखलेली हद्द

जीसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. हा वानर कुठपर्यंत सापडतो आणि काय खातो, याचा त्यांनी माग काढला. १९६१ मध्ये त्यावर वेगळा लेख लिहिला. पश्चिमेला संकोश, पूर्वेला मानस, दक्षिणेला ब्रह्मपुत्रा आणि उत्तरेला भूतानचे डोंगर, एवढ्याच पट्ट्यात हा वानर राहतो. संकोशच्या पलीकडे दुसरी जात, मानसच्या पलीकडे तिसरी. देशांची सीमा त्याला अडवत नाही, मोठी नदी मात्र अडवते.

पाला पचवायला या वानरांचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. गाईच्या पोटासारखं तिथे जिवाणूंच्या मदतीने अन्न आंबतं. त्याला वेळ लागतो, म्हणून बराच वेळ झाडावर बसून काढायचा. जमिनीवर ते क्वचितच उतरतात. हिवाळ्यात अंगावरचा रंग गडद सोनेरी होतो, उन्हाळ्यात फिका पडतो. झाडाला झाड लागून असलं तरच त्यांचा संसार चालतो.

बाकीची कामगिरी

स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या भारतीय वन्यजीव मंडळावर जीसाहेब सदस्य होते. १९५९ आणि १९६३ मध्ये त्यांनी नेपाळात गेंड्यांची पाहणी केली आणि चितवनच्या जंगलाला संरक्षण द्यायची शिफारस केली. १९७३ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. ते बघायला जीसाहेब नव्हते. भारतातल्या वन्यजीवांवरचं त्यांचं पुस्तक १९६४ मध्ये आलं, त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना होती. निवृत्तीनंतर ते शिलाँगला राहिले आणि ऑर्किडची फुलझाडं जोपासली. १९६८ मध्ये त्यांचं निधन झालं.

नाव मिळालं, जंगल तुटलं

जीसाहेबांच्या नंतर त्या पट्ट्यातल्या जंगलाचे तुकडे पडले. भूतानला लागून असलेलं जंगल बऱ्यापैकी सलग राहिलं, पण दक्षिणेकडे शेती, वस्ती आणि रस्त्यांच्या मधोमध बेटं उरली. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला वानर खाली उतरतो, आणि गाडीखाली, कुत्र्यांच्या तावडीत किंवा विजेच्या तारेवर जीव गमावतो. काही ठिकाणी आता रस्त्यावरून दोरीचे पूल बांधलेत. बोंगाईगाव जिल्ह्यातल्या काकोईजनात गावकऱ्यांनी स्वतः राखण करून उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या. १९९४ मध्ये चक्रशिला अभयारण्य झालं, २०२१ मध्ये कोक्राझार जिल्ह्यात रायमोना राष्ट्रीय उद्यान. अलीकडच्या गणतीत भारतात सुमारे ७,४०० सोनेरी वानर मोजले गेले. तरीही जात संकटग्रस्तच आहे.

आपल्याकडेही रस्ता रुंद होतो तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी झाडं आधी जातात, आणि वानर गावात शिरले की आपण त्यांच्यावर चिडतो. जीसाहेबांनी गावकऱ्यांकडे असलेली माहिती खरी मानून तिचा माग घेतला होता. आपल्या गावालगतचे वानर कुठल्या झाडांवरून ये-जा करतात हे कुणाला तरी ठाऊक असतंच. ती झाडं तोडायच्या आधी त्यांना विचारलं, तर निम्मं काम होईल.