अळंबी उलटून पाहणारी बिअ‍ॅट्रिक्स

निळे जाकीट घालून शेजारच्या मळ्यात चोरून शिरणारा पीटर नावाचा ससा जगभरच्या मुलांच्या परिचयाचा आहे. त्याला जन्म देणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी मात्र तारुण्याची उत्तम वर्षे सशापेक्षाही अळंबीच्या नादात घालवली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. पडलेल्या ओंडक्यावर, कुजक्या बुंध्यावर, झाडाच्या सालीच्या भेगेत उगवणाऱ्या कवकांना त्यांनी वर्षानुवर्षे न्याहाळले, कापले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि रंगवले. दिसायला सारख्या पण गुणाने वेगळ्या अशा दोन अळंब्यांतला फरक कशात असतो, याचे उत्तर त्या चित्रांत आहे.

बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म 28 जुलै 1866 रोजी लंडनच्या साउथ केन्झिंग्टन भागातल्या एका सधन घरात झाला. वडील रुपर्ट पॉटर बॅरिस्टर होते आणि छायाचित्रणाचे मोठे शौकीन होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी शाळेत गेली नाही. घरीच शिक्षिका ठेवून तिचे शिक्षण झाले. सहा वर्षांनी धाकटा असलेला भाऊ बर्ट्रम हाच तिचा सवंगडी. दोघांनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ससे, उंदीर, सरडे, बेडूक, वटवाघळे असा संसार थाटला होता. प्राणी जिवंत असताना त्यांची चित्रे काढायची आणि मेल्यावर त्यांचा सांगाडा नीट अभ्यासायचा, हा दोघांचा खेळ होता. चौदा-पंधराव्या वर्षापासून ती स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहू लागली. ती लिपी 1958 मध्ये लेस्ली लिंडर यांनी उलगडली, तेव्हा तिच्या तरुणपणाचा हा अध्याय जगासमोर आला.

लंडनमधल्या बंदिस्त दिनक्रमातून सुटका होई ती उन्हाळ्यात. 1871 पासून सुमारे 11 उन्हाळे पॉटर कुटुंब स्कॉटलंडमध्ये पर्थशायर परगण्यातल्या डॅलगाइज येथे घर भाड्याने घेऊन राहत असे. टे नदीचा काठ, बर्च आणि बीचची राने, ओलसर हवा आणि जमिनीवर पडून कुजणारे लाकूड. अळंबीला यापेक्षा अधिक काय हवे असते? पुढे कुटुंब इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जाऊ लागले, तरी स्कॉटलंडची ओढ सुटली नाही. विशीच्या सुमारास बिअ‍ॅट्रिक्स यांच्या चित्रवहीत फुले मागे पडून कवके दिसू लागली.

त्याच परिसरात चार्ल्स मॅकिन्टॉश नावाचे एक पोस्टमन होते. लाकूड कापण्याच्या गिरणीत झालेल्या अपघातात त्यांच्या एका हाताची बोटे गेली होती. टपालाची पिशवी खांद्याला लावून ते रोज मैलोन् मैल पायी हिंडत आणि वाटेतल्या नेचांची, शेवाळांची, कवकांची नोंद ठेवत. औपचारिक शिक्षण बेताचे असूनही त्यांच्या ज्ञानाची दखल मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ घेत. बोलायला मात्र ते विलक्षण भिडस्त. लहानपणापासून त्यांना दुरून पाहत आलेल्या बिअ‍ॅट्रिक्स यांची त्यांच्याशी खरी भेट झाली ती ऑक्टोबर 1892 मध्ये बर्नम येथे. त्यांनी आपली चित्रे पुढे ठेवली आणि अबोल पोस्टमन एकदम बोलका झाला.

त्या भेटीतून दोघांमध्ये एक करार ठरला. हिवाळ्यात मॅकिन्टॉश यांनी रानातून ताजी अळंबी वेचून टपालाने लंडनला पाठवायची. बिअ‍ॅट्रिक्स यांनी तिची दोन चित्रे काढून एक त्यांना परत पाठवायचे. पण मॅकिन्टॉश यांचा मोलाचा वाटा नमुने पाठवण्यापुरता नव्हता. केवळ देखणे चित्र ओळख पटवायला उपयोगाचे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अळंबी उभी चिरून तिचा छेद काढला पाहिजे. टोपीखालचे पातळ पडदे, म्हणजे कल्ले, देठाला चिकटलेले आहेत की सुटे, ते दिसले पाहिजे. देठाचा बुडखा जमिनीत वा लाकडात कसा रुतला आहे, तेही दाखवले पाहिजे. बिअ‍ॅट्रिक्स यांनी हा सल्ला शब्दशः पाळला. त्यानंतरच्या चित्रांत एकाच पानावर कोवळी अळंबी, पूर्ण उमललेली अळंबी, तिची उलटी बाजू आणि उभा छेद शेजारी शेजारी दिसतात. पुढे 600 पट मोठे करून पाहिलेले बीजाणूही त्यांनी रेखाटले.

हा काटेकोरपणा का महत्त्वाचा, हे लाकडावरच्या अळंबीच्या बाबतीत विशेष जाणवते. कोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळंबी घरोघरी परिचयाची आहे. तिची जागाच तिची मोठी खूण. लाकडावर मात्र एकाच बुंध्यावर खाण्याजोगी आणि जीवघेणी अशा दोन्ही जाती सापडू शकतात. व्हेलव्हेट शँक ही युरोपातल्या रानातली हिवाळी अळंबी घ्या. मेलेल्या वा मरू लागलेल्या झाडावर तिचे झुपके येतात, बर्फ पडला तरी ती टिकते, टोपी मधासारखी नारिंगी आणि बुळबुळीत असते. आजकाल शहरांतल्या मोठ्या दुकानांत मिळणारी पांढरी, लांब देठांची एनोकी याच प्रजातीतली. अंधारात वाढवल्यामुळे तिचे रूप पालटलेले असते. पण रानात अशाच लाकडावर, अशाच तपकिरी टोपीची गॅलेरिना मार्जिनाटा ही अळंबीही झुपक्याने येते. तिच्यात अ‍ॅमाटॉक्सिन हे विष असते. खाल्ल्यावर कित्येक तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरे वाटल्याचा भास होतो आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते.

वरून पाहून या दोघींत चूक होणे सहज शक्य आहे. उलटून पाहिले की फरक कळू लागतो. व्हेलव्हेट शँकच्या देठावर कडे नसते आणि वाढ झाली की देठाचा खालचा भाग गर्द तपकिरी, मखमली होतो. गॅलेरिनाच्या देठावर बहुधा नाजूक कडे असते, पण ते गळूनही पडते; म्हणून त्या एका खुणेवर विसंबता येत नाही. निर्णायक खूण बीजाणूंची. टोपी कागदावर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवली की तिचा ठसा उमटतो: पहिलीचा पांढरा, दुसरीचा गंजासारखा तपकिरी. हीच कसोटी इतर जोड्यांनाही लागू पडते. बुंध्यावर येणाऱ्या मधुरंगी हनी फंगसचे बीजाणू फिकट पांढरे, तर तिच्यासारखेच दाट झुपके करणाऱ्या विषारी सल्फर टफ्टचे जांभळट तपकिरी आणि कल्ले हिरवट पिवळे. सर्व खुणा जुळल्याशिवाय आणि जाणकाराने हातात घेऊन पाहिल्याशिवाय रानातली अळंबी ताटात येऊ नये, हा नियम त्यातूनच आला आहे. बिअ‍ॅट्रिक्स यांना अळंबी खाण्यापेक्षा ओळखण्यात रस होता. पण ओळखीला लागणाऱ्या खुणा त्यांच्या चित्रांत जागच्या जागी आहेत.

1893 च्या उन्हाळ्याअखेर त्या डंकेल्डजवळच्या ईस्टवुड या घरी होत्या. 3 सप्टेंबरला त्यांना ब्रिटनमध्ये दुर्मीळ असलेली, काळ्या खवल्यांची ओल्ड मॅन ऑफ द वुड्स ही अळंबी मिळाली आणि त्यांनी ती रंगवली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, चार सशांची गोष्ट सांगणारे सचित्र पत्र पाठवले. जगप्रसिद्ध पीटर सशाचा जन्म त्या पत्रात झाला.

चित्रांपाठोपाठ प्रयोग आले. कवक बीजाणूपासून कसे वाढते, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचेच्या पट्ट्या मांडून त्यांनी बीजाणू रुजवले. चाळीसहून अधिक जातींवर त्यांनी असे प्रयोग केले आणि त्यांत व्हेलव्हेट शँकही होती. या विषयावर जर्मनीत ओस्कार ब्रेफेल्ड यांचे काम आधी झाले होते. पण ब्रिटनमधल्या जाणकारांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. नामांकित रसायनशास्त्रज्ञ असलेले बिअ‍ॅट्रिक्स यांचे मामेसासरे वा दूरचे आप्त नव्हे, तर सख्ख्या आत्याचे यजमान सर हेन्री रॉस्को त्यांना मे 1896 मध्ये क्यू येथील वनस्पती उद्यानात घेऊन गेले. संचालक विल्यम थिसल्टन-डायर यांनी चित्रांचे कौतुक केले, निष्कर्ष मात्र गांभीर्याने घेतले नाहीत. पुढे त्यांनी रॉस्को यांना जे पत्र लिहिले ते इतके उद्धट होते, की रॉस्को यांनी ते भाचीला दाखवणेच टाळले. क्यूमधलेच कवकतज्ज्ञ जॉर्ज मॅसी सुरुवातीला साशंक होते; पण रुजलेले बीजाणू पाहून त्यांचे मत बदलू लागले.

1 एप्रिल 1897 रोजी अळंबीच्या बीजाणूंच्या रुजण्याविषयीचा बिअ‍ॅट्रिक्स यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. तो मांडला मॅसी यांनी, कारण सोसायटीच्या सभांना स्त्रियांना प्रवेश नव्हता. निबंधाचे स्वागत झाले, पण छापण्याआधी आणखी काम हवे, असे कळवण्यात आले. तो फेटाळला गेला असे अनेकदा सांगितले जाते, ते तितकेसे खरे नाही. बिअ‍ॅट्रिक्स यांनी तो सुधारण्यासाठी परत घेतला आणि काही काळ कामही चालू ठेवले. पण तो पुन्हा कधी सादर झाला नाही आणि आज त्याची प्रतही उपलब्ध नाही. सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते 1904 च्या अखेरीस. बिअ‍ॅट्रिक्स यांना मिळालेली वागणूक न्याय्य नव्हती, हे सोसायटीने 1997 मध्ये, शंभर वर्षांनी, मान्य केले.

विज्ञानाचे दार असे अर्धवट बंद झाल्यावर त्या नोएलला लिहिलेल्या पत्राकडे वळल्या. प्रकाशकांनी नाकारलेली सशाची गोष्ट त्यांनी डिसेंबर 1901 मध्ये स्वखर्चाने 250 प्रतींत छापली; ऑक्टोबर 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन संस्थेने ती बाजारात आणली आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. 1905 मध्ये प्रकाशक नॉर्मन वॉर्न यांच्याशी विवाह ठरला आणि महिनाभरातच नॉर्मन यांचे निधन झाले. त्या दुःखात त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधले हिल टॉप हे शेत विकत घेतले. 1913 मध्ये विल्यम हीलिस या वकिलाशी विवाह झाला आणि उरलेले आयुष्य हर्डविक जातीच्या मेंढ्या सांभाळण्यात आणि डोंगरउतारावरच्या जमिनी वाचवण्यात गेले. 22 डिसेंबर 1943 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा 4000 एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टकडे गेली.

अळंबीची चित्रे त्यांनी अँबलसाइड येथील आर्मिट ग्रंथालयाकडे सोपवली होती. तीनशेहून अधिक चित्रांचा तो साठा बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. 1967 मध्ये कवकतज्ज्ञ डब्ल्यू. पी. के. फिंडले यांनी रानावनातल्या कवकांची ओळख करून देणारे पुस्तक सिद्ध केले, तेव्हा त्यात त्यांनी बिअ‍ॅट्रिक्स यांची 59 चित्रे घेतली. सत्तर वर्षांपूर्वी काढलेली ती चित्रे पाहून वाचक रानात अळंबी ओळखू लागले. ज्या कामाला जिवंतपणी शास्त्रज्ञांनी छंद मानले, ते अखेर शास्त्राच्याच पुस्तकात, आपल्या योग्य जागी पोहोचले.