सर अलेक्झांडर फ्लेमिंग

तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने पुष्कळ आहेत, व बोईसर-पालघरकडील गांवोगांवचे लोक तेथें कामास जातात. न्यूमोनियानें घेरलेला किंवा जखम चिघळून तापानें फणफणलेला मनुष्य सुई टोचल्यानें वांचतो, हेंहि आपणांस ठाऊक आहे. परंतु अशा सुयांतील पेनिसिलिन ज्यांच्या हातीं प्रथम लागलें, त्यांचें चरित्र आपल्या मंडळ्यांत थोड्यांसच माहीत असेल.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म 6 ऑगस्ट 1881 रोजीं स्कॉटलंडांतील डार्व्हेल गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. ते सात वर्षांचे असतां वडील वारले. पुढें ते लंडनला भावाकडे गेले व एका जहाज कंपनींत चार वर्षें कारकुनी केली. चुलत्याच्या मृत्युपत्रानें थोडा पैसा मिळाला, तेव्हां 1901 सालीं सेंट मेरी इस्पितळाच्या वैद्यक शाळेंत त्यांचें नांव दाखल झालें.

पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील बूलोन येथें त्यांनीं जखमी शिपायांची दशा पाहिली. खोल जखमांत ओतलेलीं तीव्र जंतुनाशकें जंतूंपेक्षां शरीराच्या रक्षक पेशींचाच अधिक नाश करीत. जंतूंस मारील पण रोग्यास इजा करणार नाहीं असें द्रव्य मिळावें, हा ध्यास त्यांस तेव्हांपासून लागला.

सप्टेंबर 1928 मध्यें सुट्टीहून परततांच त्यांस एका जंतुपात्रांत बुरशी चढलेली दिसली, व तिच्या भोंवतीं जंतु विरघळलेले होते. दुसऱ्यानें तें पात्र फेकून दिलें असतें. फ्लेमिंग यांनीं त्या रसास पेनिसिलिन हें नांव देऊन 1929 सालीं लेख छापला. मात्र तो रस शुद्ध करणें त्यांस साधलें नाहीं, व काम मागें पडलें. हेंहि चरित्रांत सांगितलेंच पाहिजे.

तें काम ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व हीटली यांनीं उचललें. मे 1940 मध्यें आठ उंदरांस घातक जंतु टोचले. चौघांस औषध दिलें, चौघांस दिलें नाहीं. पहाटेपर्यंत औषधाविना राहिलेले चारहि मेले, इतर जिवंत होते. फेब्रुवारी 1941 मध्यें अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या पोलीस शिपायास हें औषध टोचलें. त्याचा चेहरा सडला होता, एक डोळा काढावा लागला होता. चार-पांच दिवसांत तो अन्न खाऊं लागला. पेनिसिलिन थोड्याच तासांत लघवीवाटे निघून जातें. म्हणून त्याच्या लघवींतून तें पुनः गाळून काढीत. तरी सांठा संपला, व 15 मार्चला तो मरण पावला. पुढें ऑगस्ट 1942 मध्यें मेंदूच्या आवरणास सूज आलेल्या एका परिचितासाठीं फ्लेमिंग यांनीं फ्लोरींकडून औषध मागून घेतलें, पाठीच्या कण्यांत स्वतः टोचलें, व तो मनुष्य वांचला.

1945 चें नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांस मिळून दिलें गेलें. त्या प्रसंगींच्या भाषणांत फ्लेमिंग यांनीं बजाविलें कीं औषध अपुरें घेतल्यास जंतु त्यास दाद न देण्यास शिकतात. आपल्याकडे सांधेतापानें ज्या मुलांचें हृदय दुखावतें, त्यांस पेनिसिलिनची सुई तीन-चार आठवड्यांनीं, वर्षानुवर्षें, घ्यावी लागते. मूल हसूंखेळूं लागलें कीं आईबाप ती बंद करितात. उपदेशक बंधूंनीं अशा घरीं अवश्य जावें. कांहींच्या शरीरास हें औषध मुळींच सोसत नाहीं व क्षणांत प्राणावर बेततें. याकरितां तें दवाखान्यांतच, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं टोचून घ्यावें.

बाल चर्चिल यांस फ्लेमिंगांच्या वडिलांनीं बुडतांना वांचविलें, व फेडीखातर अलेक्झांडरचें शिक्षण झालें, अशी गोष्ट उपदेशांतून सांगितली जाते. ती खरी नाहीं. व्यासपीठावरून सांगूं नये. 1943 सालीं चर्चिल न्यूमोनियांतून उठले, तेहि सल्फा औषधानें.

1954 सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी पेनिसिलिन कारखाना स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं, 11 मार्च 1955 रोजीं, फ्लेमिंग लंडन येथें वारले. त्यांच्या अस्थि सेंट पॉलच्या मंदिरांत ठेविल्या आहेत.